बांधलेली शेळी

कडूबाने मेलेली मेंढी मागच्या पायांना धरून बांधापर्यंत ओढत नेली आणि खड्ड्यात सरकवली. कालही एक अशीच पुरली होती. बन्सी फावडं घेऊन माती लोटायला पुढे झाला, पण मेंढीच्या तोंडाकडे पाहायचं त्याने टाळलं.

“भाऊ, चूक माझीच हाय,” कडूबा म्हणाला. “येताना वाळूजच्या कंपन्यांमागच्या नाल्यावर पाणी पाजलं. वास येत व्हता पाण्याला. पर मेंढरं लई तहानलेली, मला बघवंना.”

“आसंल, मामा,” बन्सी बोलून गेला. शब्द इतक्या सहज तोंडातून निघाले की त्याची त्यालाच लाज वाटली.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्या साली बन्सी वाळूजला कंपनीत लागला आणि बजाजनगरात खोली घेऊन राहिला. पिशोरचं शेत बायको सरूबाई सांभाळायची, तो सुट्टीला यायचा. तेव्हापासून दरवर्षी कापूस वेचून झाला की कडूबाचा कळप त्यांच्या रानात बसायचा. मेंढरांना पाला मिळायचा, रानाला लेंड्यांचं खत. कधी कोणाला काही विचारावं लागलं नव्हतं.

यंदा बन्सीने कपाशीच्या नव्या बियाण्याची पऱ्हाटी लावली होती. बोंडअळी पान खाते आणि आपोआप मरते, असं दुकानदाराने सांगितलेलं. बन्सी तेच कंपनीबाहेरच्या टपरीवर फुशारकीने सांगत सुटला होता. मग दिवाळीनंतर त्याची एक शेळी तो पाला खाऊन आडवी झाली, ती उठलीच नाही. बियाण्यानं झालं की फवारणीनं, सांगता येत नाही, असं जनावरांचे डॉक्टर म्हणाले. पण दुसरीला तो पाला घालू नका, असंही ते म्हणाले. सरूबाईने उरलेली शेळी रानातल्या गोठ्यात बांधून टाकली.

“कडूबामामांना सांगा,” ती बजावत राहिली.

“सांगतो,” बन्सी म्हणत राहिला. पण रानाला खत हवं होतं, आणि डॉक्टरांना तरी कुठे खात्री होती? मनाची समजूत घालायला त्याला एवढं पुरलं.

हातपाय धुऊन दोघे गोठ्यापाशी टेकले. सरूबाईने चहा आणून ठेवला आणि नवऱ्याकडे न पाहता आत गेली. शेळी दाव्याला हिसके देत ओरडत होती.

“हिला कामून बांधलं? रानात येवढा पाला हाय की.”

“आसंच.”

“माझी मेंढरं मेली म्हून धसका घेतला व्हय?” कडूबा हसला. “आवं, ते पाण्यानं झालं. तुमच्या रानाचा पाला मी वळखत नाय का? येवढी वर्सं चारतोय.”

त्याने कप खाली ठेवला, उठून दाव्याची गाठ सोडली. शेळी पऱ्हाटीकडे धावली.

“नको!”

बन्सी ओरडलाच. कप लवंडून तो धावला आणि शेळीच्या गळ्याला मिठी मारून त्याने तिला वाटेतच अडवलं.

कडूबाने बन्सीकडे पाहिलं. मग पलीकडे पऱ्हाटीत माना घालून चरणाऱ्या कळपाकडे. बन्सीला वाटलं, आता शिवी येईल. यावीच, असंही वाटलं.

कडूबा जवळ आला. त्याने शेळी मागे नेऊन खुंट्याला बांधली आणि गाठ ओढून पाहिली.

“घट्ट बांधत जावा,” तो म्हणाला.

मग काठी उचलून तो मेंढरं बाहेर काढायला रानात उतरला. त्याचा चहा कपात तसाच होता.