यातलं खरं किती?

ग्रंथपालबाईंनी लेखकाला बसा म्हटलं नाही. बापाने दिलेल्या चटक्यांचं त्याचं आत्मचरित्र त्यांनी कितीतरी वाचकांच्या हातात आग्रहाने कोंबलं होतं. ते धादांत खोटं निघालं, आणि हा तोंड वर करून आला होता.

"भावना खऱ्याच होत्या, बाई. पुस्तक कादंबऱ्यांच्या कपाटात हलवा, मिटलं."

"काल एक शिवणकामवाली आली होती. तुमचं वाचून धीर आला, म्हणून तिनंही बापाचे चटके लिहून काढले होते. तिची वही हातात घेऊन मी विचारलं, यातलं खरं किती?"

"मग?"

"तिनं बाही वर करून डाग दाखवले. मग माझ्या हातातली वही काढून घेतली आणि गेली. ती वही आता कुठल्याच कपाटात येणार नाही."