चार चव्वेचाळीसचा बार

कॅबिनच्या दारावरच्या कार्डात शिकार थांबवायची वेळ चार पस्तीसची होती. चार पस्तीसला व्हर्लिन स्कारने रायफलचा बोल्ट उघडला, काडतुसं काढून खिशात टाकली आणि तो मचाणावरून खाली उतरला. ओढ्याकडेला एक हरणी अजून झुडपं कुरतडत होती. तिचे कानसुद्धा स्वच्छ दिसत होते. एवढा उजेड बर्फामुळे असणार, असं त्याने मनाशी म्हटलं. उजेड असो नसो, वेळ संपली की बंदूक म्हणजे नुसती काठी. सूर्य मावळल्यावर वीस मिनिटं, आणि सकाळी उगवायच्या आधी अर्धा तास. त्याच्या बाहेर मारलेलं हरीण हे हरीण नव्हेच, ती चोरी. हे सगळं तो कॅम्पात इतक्या वेळा बोलला होता की पाठीमागे त्याला सगळे घड्याळबुवा म्हणत.

वाटेवर जुना मित्र ऑर्व्हिल माकी भेटला. त्याला ऐकायला कमी येई, त्यामुळे त्याच्याशी बोलण्यापेक्षा शेजारून चालणं सोपं. दोघं कॅबिनकडे निघाले होते आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला बार झाला. एकच. व्हर्लिनने घड्याळ पाहिलं. चार चव्वेचाळीस.

"थांबलास का?" ऑर्व्हिल म्हणाला.

"बार झाला. वरच्या मचाणावरून."

"ब्रेंटचा? मग रात्री कांदा घालून कलेजी. चल लवकर."

"नऊ मिनिटं उशिरा झाला, ऑर्व्हिल."

"काय?"

"काही नाही. चल."

ब्रेंट हा व्हर्लिनचा जावई. बर्फावरच्या स्नोमोबाइल गाड्यांचं दुकान, तोंडात साखर, ज्याच्या-त्याच्या पाठीवर थाप. व्हर्लिनला अशी माणसं मुळात पटत नसत. समोरच्याला आवडेल तेच बोलणारा माणूस खरं कधी बोलतो, हा त्याचा प्रश्न होता. बरं, या वर्षी उपकारही ब्रेंटचेच. चाळीस वर्षं ज्या जंगलात ते शिकार करत होते ते विस्कॉन्सिनच्या पार पूर्वेला, कागद कंपनीच्या मालकीचं. कंपनीने ते विकलं आणि कॅम्प रस्त्यावर आला. तेव्हा ब्रेंटने चुलत्याची ही जागा मिळवून दिली, गाडीने पाच तास पश्चिमेला. जागा नवी, पण कार्ड मात्र नेहमीप्रमाणे व्हर्लिननेच सरकारी शिकार-पुस्तिकेतून उतरवून दारावर टाचलं होतं. कॅम्पचा कारभारी तो. आणि याच मोसमाच्या शेवटी कारभारीपण ब्रेंटच्या हाती द्यायचं, असं त्याने मुलीला, जनेलला, कबूल केलं होतं. त्याचं वय बहात्तर, बायको मार्लिस वारलेली. एकुलत्या एका मुलीचा नवरा. नाही म्हणायला कारण नव्हतं. आता कारण मिळालं होतं, आणि त्याला त्याचा आनंदही होत नव्हता.

तासाभराने ब्रेंट आठ टोकांच्या शिंगांचा नर बर्फावरून ओढत आला. घामेघूम, आणि चेहरा नुसता फुललेला. व्हर्लिनचा नर सकाळपासूनच आडव्या बल्लीला टांगलेला होता. दहा टोकांचा.

"किती वाजता मारलास?" व्हर्लिनने विचारलं.

"पावणेपाच होत आले असतील. एका गोळीत, जागच्या जागी." ब्रेंट हसून म्हणाला.

"पावणेपाच."

"हो. का?"

व्हर्लिनने नुसतं दाराकडे बोट केलं. ब्रेंट कार्डाजवळ गेला, वाकून वाचलं, बोटाने एक ओळ वर गेला, एक ओळ खाली आला. मग त्याने वळून टांगलेल्या दहा टोकांच्या नराकडे पाहिलं, आणि मग व्हर्लिनकडे. त्याचं हसू गेलं. बोलणारा माणूस गप्प झाला की समजावं, कुठंतरी पाणी मुरतंय. व्हर्लिनने तसंच समजून घेतलं.

"सोडा ना, व्हर्लिन," ब्रेंट म्हणाला. "दमलात तुम्ही. आत चला, गारठा वाढलाय."

"वेळेचं बोलतोय मी."

"उद्या बोलू."

जेवणाच्या वेळी व्हर्लिन हात धुवायला उठला तर दारावरचं कार्ड गायब. खिळा तेवढा उरला होता.

"कार्ड कुठंय?"

"चुलीत गेलं," ब्रेंट ताटातून मान वर न करता म्हणाला. "लाकडं घालताना चुकून. उद्या मी नवीन लिहितो."

"खिळ्यावरचं कार्ड चुकून चुलीत जातं?"

"काय म्हणाला?" ऑर्व्हिलने विचारलं.

"कार्ड जळलं म्हणतोय."

"बरं झालं. तुझं अक्षर कुणाला लागत होतं?" ऑर्व्हिल स्वतःच्याच विनोदावर हसला आणि त्याने कलेजी आणखी वाढून घेतली.

"आणि उद्या सकाळी घाई नको," ब्रेंट पुढे म्हणाला. "सात वाजता निघू निवांत. सगळेच."

सात वाजता! उजाडल्यावर! व्हर्लिनच्या डोक्यात आता एकेक गोष्ट जागेवर बसली. रात्रीत पुरावा जाळायचा, सकाळी हव्या त्या वेळांचं कार्ड टाचायचं, आणि म्हाताऱ्याला उशिरापर्यंत झोपवून ठेवायचं. याच्या हाती कॅम्प द्यायचा? त्याला जनेलची दया आली. या माणसाच्या घरात ती अकरा वर्षं राहतेय, हा काय काय जाळून तिला 'चुकून' म्हणत असेल, असंही मनात येऊन गेलं. संशयाचं असंच असतं, त्याला एकदा घरात घेतलं की तो सगळ्या खोल्या बघतो.

लाकडं आणतो म्हणून व्हर्लिन बाहेर पडला आणि मागच्या टेकडीवर चढला. फोनला रेंज तिथेच होती. त्याने शिकारीवर देखरेख करणाऱ्या वॉर्डनच्या नंबरवर जागा सांगितली, बाराची वेळ सांगितली, जावयाचं नाव सांगितलं. स्वतःचं सांगितलं नाही. खाली येताना त्याला आपण फार सरळ माणूस आहोत असं वाटलं, आणि तरीही लाकडं आणायला तो विसरला.

सकाळी नऊ वाजता वॉर्डनची गाडी आली. लोर्ना क्विस्ट, चाळिशीची, शांत आवाजाची बाई. तिने तिघांचे परवाने पाहिले, ब्रेंटचा नर पाहिला, त्याची नोंद पाहिली.

"काल संध्याकाळी किती वाजता?"

"चार चव्वेचाळीस. गोळी मारल्यावर बघितलं मी फोनवर."

"ठीक आहे," ती म्हणाली. "इथे काल चार एक्कावन्नपर्यंत परवानगी होती."

"चार पस्तीस," व्हर्लिन मधेच म्हणाला. "पुस्तिकेत छापलंय."

"कुठल्या रकान्यात, मिस्टर स्कार?"

तिने खिशातली पुस्तिका उघडून त्याच्यापुढे धरली. तक्ता तोच होता, चाळीस वर्षं पाठ असलेला. तो राज्याच्या पूर्व कडेचा. खाली नकाशा होता, त्यात पट्टे होते, आणि जसजसं पश्चिमेला जावं तसतशी मिनिटं वाढवायची होती. या पट्ट्यात सोळा. जुन्या जंगलात वाढवायचं काही नसे, म्हणून त्या नकाशाकडे त्याने जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळला सोळा मिनिटं. म्हणजे सकाळीही सोळा मिनिटं उशिरानेच सुरुवात. व्हर्लिनने बल्लीवरच्या आपल्या नराकडे पाहिलं.

लोर्ना बल्लीजवळ गेली. "आणि हा दहा टोकांचा?"

"तो सात वाजून गेल्यावरचा," ब्रेंट चटकन म्हणाला. "मी ऐकला ना बार. सात पाच, सात दहा असेल."

"तुम्ही ऐकलात?" तिने ऑर्व्हिलला विचारलं.

"मी आठवड्यातून एकदा काहीतरी ऐकतो, बाई. काल तो दिवस नव्हता."

ती किंचित हसली आणि व्हर्लिनकडे वळली. ब्रेंटही त्याच्याकडे पाहत होता, काल कार्ड वाचून पाहिलं होतं तसाच. ती नजर व्हर्लिनला आत्ता कळली. कार्ड आपल्याला वाचवायला जळलं हे कळलं, सात वाजता का निघायचं तेही कळलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"सहा चौतीस," तो म्हणाला.

"व्हर्लिन," ब्रेंट म्हणाला.

"सहा चौतीस. कायद्याच्या तेरा मिनिटं आधी. आणि ऑफिसर, नुसतं तेवढंच नाही. मला नीट दिसतही नव्हतं. काहीतरी मोठं हललं. शिंगं मी जवळ गेल्यावर पाहिली. कार्डावर वेळ झाली होती, म्हणून मारलं."

लोर्नाने ते लिहून घेतलं. तिने दंडाची पावती फाडली, दहा टोकांचा नर बल्लीवरून उतरवायला लावला. ब्रेंटने एका बाजूने धरला, व्हर्लिनने दुसऱ्या. गाडी वळणाआड गेली तेव्हा ऑर्व्हिल कॉफी टाकायला आत गेला आणि दोघं रिकाम्या बल्लीखाली राहिले.

"कशाला बोललात?" ब्रेंट म्हणाला. "मी सांभाळून घेतलं होतं ना."

"काल वॉर्डनला फोन मी केला होता."

"माहितीये."

"माहितीये?"

"लाकडं आणायला गेलात आणि टेकडीवरून मोकळ्या हातांनी आलात." ब्रेंट खाली बर्फाकडे बघत होता. "एकदा विचारायचंत तरी, व्हर्लिन. अकरा वर्षं झाली. मला समोर बसवून विचारायचंत."

व्हर्लिन बल्लीवरची रिकामी दोरी सोडू लागला.

"तू तरी मला काल का सांगितलं नाहीस?" त्याने शेवटी विचारलं. "कार्ड वाचलंस तेव्हाच सांगायचंस."

ब्रेंटने खांदे उडवले. "काल सकाळी तो नर टांगताना तुम्ही गात होतात. मार्लिस गेल्यापासून पहिल्यांदा. मी तिकडे मचाणावरून ऐकलं." तो थांबला. "जनेलला सांगायचं होतं मला, बाबा गायले म्हणून. ते सांगून झालं की मग तुम्हाला वेळेचं सांगणार होतो."

"सांगितलंस तिला?"

"नाही. रेंज टेकडीवरच आहे. आणि काल तिकडे तुम्ही होतात."