किडनी पुढे, ताई मागे

ताईला किडनी द्यायचं मामानं कबूल केलं. तपासण्या जुळल्या, ऑपरेशनची तारीख मिळाली आणि त्या दिवशी मामाचा फोन बंद. दुसऱ्या तारखेलाही बंद. मी कधीच दिली असती, पण माझा रक्तगट जुळला नाही. आयुष्यात इतक्या परीक्षांत नापास झालो, लागलं ते याच एकीचं. ताईच्या हातातल्या शिरा आता डायलिसिसच्या सुईला दाद देत नाहीत. डॉक्टर म्हणाले, फार तर दोन महिने. मग त्यांनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

मामाच्या ऑफिसनं किडनीच्या आजाराच्या जागृतीसाठी तीन किलोमीटरचा वॉक ठेवला. हजेरी सक्तीची.

"सापडला," ताई म्हणाली. चालायच्या कार्यक्रमातून माणूस पळून कसा जाईल?

मामा कुठेच दिसेना. सगळ्यात पुढे फोमची भलीमोठी किडनी लोकांना हात करत चालली होती. खाली तपकिरी बूट, डाव्याला पांढरी नाडी. तपासणीच्या दिवशी मामाची नाडी तुटली, तेव्हा मीच माझी काढून दिली होती.

"ताई, त्या किडनीत मामा आहे."

"उलटं. मामात किडनी आहे," म्हणत तिनं वेग वाढवला.

किडनीनंही वाढवला.

वाटेत प्रत्येक टेबलावर "भरपूर पाणी प्या!" म्हणत कुणीतरी ताईच्या हातात बाटली कोंबायचं. तिला दिवसाला एक लिटरच चालतं. ती बाटली माझ्याकडे द्यायची. दुसऱ्या किलोमीटरला माझ्याकडे सात बाटल्या आणि तिचे ओठ पांढरेफटक.

"बसूया जरा?"

"तू बस. तुला कुठे कुणाला गाठायचंय?"

किडनीच्या बुडाशी पिवळी नळी लोंबत होती. शेवटच्या वळणावर ताईनं झेप घेऊन ती धरली. किडनी थांबली.

"मामा."

जाळीतून आवाज आला, "तुझा मामा आज सुट्टीवर आहे."

"मामा, मला आता चालवत नाही रे."

किडनीनं लोकांना हात करणं थांबवलं. मग, "पोरी, मला मरणाची भीती वाटते गं."

"तुला नुसती भीती आहे," ताई म्हणाली.

"सोमवारी येतो."

"कुठल्या?"

फोटोवाला ओरडला, "ताई, किडनीला सोडा की, नीट दिसत नाहीये!" ताईनं नळीचे दोन वेढे उजव्या मनगटाला घेतले. डावा हात सुयांचा.

लाऊडस्पीकरनं किडनीला स्टेजवर बोलावलं. किडनी निघाली, मागोमाग ताई, मागोमाग बाटल्या घेऊन मी. तिसऱ्या पायरीवर ताई मटकन बसली. नळी ताणली, सुटली नाही.

"जोरदार टाळ्या!" माईकवाला म्हणाला. पडल्या.

किडनी वळली. ताईच्या शेजारी टेकायला गेली, पण फोममुळे वाकता येईना. दोनदा प्रयत्न झाला. लोक हसले.

मग आतून हलकेच आवाज आला, "चेन पाठीमागे आहे. माझा हात पोचत नाही. कुणीतरी उघडा रे."

मी सातही बाटल्या खाली ठेवल्या.