काजं उजवीकडे

"दोन बाह्या जोडणारा माणूस मी. दोन भाऊ जोडायला कितीसा वेळ लागतोय!" असं म्हणून शिंप्याने शिलाई मशीनला मोबाईल टेकवला आणि फोटो कोलाजचं ॲप उघडलं.

"त्यापेक्षा दादांना एक फोन करा ना," बायको म्हणाली.

"मी? आधी त्याने करायचा."

दोघा भावांचा कित्येक वर्षांचा अबोला. भांडणाचं कारण दोघंही विसरले होते, शिव्या तेवढ्या पाठ होत्या. आता आईच्या हृदयाचं ऑपरेशन उद्यावर आलं, तर तिने हॉस्पिटलात हट्ट धरला, "पोरं शेजारी शेजारी उभी दिसल्याशिवाय मी सही करणार नाही." डॉक्टर म्हणाले होते, आणखी थांबणं धोक्याचं आहे. शिंप्याची झोप उडाली, जेवण जाईना. पण फोन? छे!

बायकोने जाऊबाईंकडून थोरल्याचा फोटो गुपचूप मागवला. ॲपने थोरल्याला मागच्या भिंतीपासून सोडवलं, पण भिंतीबरोबर त्याचा एक कानही नेला. शिंप्याने स्वतःच्या दुसऱ्या फोटोतला कान कापून तिथे बसवला. "रक्ताचं नातं आहे, चालतं."

तरी थोरला तोंड फिरवून उभा. अगदी खऱ्यासारखा. शिंप्याने बोट दाबलं, थोरला उलटा फिरला आणि भावाकडे बघून हसायला लागला.

"बघ! जन्मात हसला नव्हता माझ्याकडे बघून." शिंप्याचा आवाज जरा चिरकला. बायको उगाच दोरे गुंडाळत बसली.

हॉस्पिटलात आईने फोटो बघितला. डोळे पुसले. पेन मागितलं. शिंप्याचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात आईने फोटो मोठा केला. सगळा जन्म काजं करण्यात घालवलेली बाई. चेहऱ्यावरून उतरलेली नजर थेट बटणांवर.

"अरे, याची काजं उजवीकडे कशी? हा तर बायकांचा शर्ट!"

माणूस उलटा केला की शर्टही उलटतो, हे शिंप्याला कळू नये?

"हल्ली... पुरुषही घालतात, आई."

"शिवला कोणी?"

"म्हणजे... मीच."

"मोठ्या भावाला असला शर्ट शिवलास? अजून राग गेला नाही मेल्याचा!" पेन बाजूला ठेवून आईने थोरल्याला फोन लावला. "काय रे, धाकट्याने दिलं म्हणून काहीही अंगात घालशील?"

थोरला तरातरा वॉर्डात आला. "मी बायकांचा शर्ट घालतो? कुठाय तो टेपवाला?" त्याने फोटो हिसकावून बघितला. "आणि हा कान कुणाचा?"

"माझा! तुझा जागेवर होता कुठे? लोकांनी फुंकून फुंकून उडवला!"

दोघं खाटेशी खांद्याला खांदा भिडवून ओरडत होते. शेजारच्या पेशंटने उशी डोक्यावर ओढली. आई मात्र टक लावून बघत राहिली. मग धाकट्या सुनेला म्हणाली, "काढ गं. आता खरा काढ." आणि तिने सही केली.

फोटो चांगला आला. चारही कान जागच्या जागी होते.

नर्सने आईचं ब्लड प्रेशर तपासलं. आरडाओरड्याने ते इतकं चढलं होतं, की डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं.