भूगोलाच्या बाई माझ्यावर बसल्या तेव्हा

मित्रांनो, मला पाहिल्याबरोबर तुम्ही तोंड घट्ट मिटाल, हे मला ठाऊक आहे. मी दातांच्या दवाखान्यातली एक जुनी खुर्ची आहे. लोक माझ्यावर डोळे मिटून बसतात आणि उठले की मागे वळून बघत नाहीत. पण जरा थांबा. मला माझ्यापेक्षा आमच्या डॉक्टरांविषयीच सांगायचे आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचा पाय, हिरव्या रेक्झिनची गादी आणि पायाने दाबली की मला वर उचलणारी कळ. ट्रकमधून मी या गावात आले. डॉक्टर इथलेच. त्यांच्या वडिलांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते, तेच रंगवून त्यांनी दवाखाना थाटला. गावातले लोक गमतीने म्हणत, बाप चाकांचे दाते बसवायचा, मुलगा माणसांचे दात बसवतो.

डॉक्टरांचा हात फार हलका. भुलीच्या औषधाची कुपी ते आधी मुठीत धरून कोमट करीत, म्हणजे टोचताना कमी दुखते. मुलांना सांगत, दुखले की डावा हात वर कर, मी थांबेन. आणि खरोखरच थांबत. एका मुलीने सतरा वेळा हात वर केला, डॉक्टर सतरा वेळा थांबले. बाहेर बसलेले त्या दिवशी ताटकळले, पण कोणी कुरकुर केली नाही.

त्यांची बायको शाळेत भूगोल शिकवी. सगळे गाव तिला बाई म्हणे. शाळेसाठी तिला लवकर निघावे लागे, म्हणून थोरली आणि धाकटी या दोन्ही मुलींच्या वेण्या डॉक्टरच घालीत. धाकटी ओरडे, "बाबा, हे केस आहेत, दात नाहीत." हे डॉक्टर प्रत्येक घाबरलेल्या माणसाला सांगत आणि स्वतःच आधी हसत. एक वाजला की हात धुऊन ते जेवायला घरी जात. त्या वेळी कोणी मोठा माणूस आला तरी त्याला बाकावर बसून राहावे लागे.

अशी पंधरा वर्षे गेली. एका दुपारी बाई शाळेतून परस्पर दवाखान्यात आल्या आणि माझ्यावर बसल्या. एक दात जिभेला टोचतो आहे, तेवढा घासून द्या, म्हणाल्या. डॉक्टरांनी फडक्याने जीभ धरली, बाजूला वळवली आणि तसेच थांबले. जिभेच्या कडेला पांढरट, टणक जखम होती.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारले.

"झाला असेल महिना, सव्वा महिना. तुमच्याकडे रोज एवढी गर्दी. म्हटलं, परीक्षा संपल्यावर दाखवू."

डॉक्टर स्टुलावर बसले. मग म्हणाले, "गावातलं प्रत्येक तोंड बघितलं गं मी. घरातलं तेवढं राहिलं."

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली, दवाखाना बंद आहे, कधी उघडेल सांगता येत नाही. ते बाईंना घेऊन शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेले. मुलींजवळ त्यांची आत्या राहिली. जखमेचा तुकडा तपासला, तो कर्करोगच निघाला. बाईंच्या जिभेचा एक तृतीयांश भाग काढावा लागला. चार महिने माझ्यावर धूळ साचली. ज्यांचे दात दुखत, ते बसने पुढच्या गावी जात, आणि परतताना बंद दारापाशी थांबून शेजारच्या शिंप्याला विचारीत, बाई कशा आहेत?

बाई वाचल्या. पण बोलेनात. सगळे वहीत लिहून दाखवीत. दवाखाना पुन्हा उघडला. मग रोज संध्याकाळी, शेवटचा पेशंट गेला की डॉक्टर त्यांना माझ्यावर बसवीत, हातात आरसा देत आणि एकेक अक्षर म्हणून घेत. र, ल आणि ट काही केल्या येईनात. एक दिवस बाईंनी आरसा भिंतीवर फेकला. डॉक्टरांनी काचा वेचल्या. दुसऱ्या दिवशी ते स्टूल ओढून त्यांच्या अगदी समोर बसले. "आरसा नको आता," ते म्हणाले. "माझ्याकडे बघ."

सहाव्या महिन्यात बाईंनी थोरलीला हाक मारली. ती "थोयी" अशी आली. थोरली दारातूनच "ओ" म्हणाली, आणि घरात तिचे तेच नाव पडले.

पुढे शाळेत परत जाण्याचा प्रश्न आला. बाई कितीतरी दिवस टाळत होत्या. शेवटी माझ्या हातावर बोटे घट्ट रोवून त्यांनी सावकाश विचारले, "मुलं हसली तर?"

"हसतील की," डॉक्टर म्हणाले. "पहिल्या दिवशी हसतील. दुसऱ्या दिवशी नकाशा काढतील."

पुढचे मी पाहिले नाही, पण शाळेच्या शिपायाने माझ्यावर बसून सांगितले. पहिल्या तासाला डॉक्टर वर्गाबाहेर भिंतीला टेकून उभे होते. आत मुले हसली. मग बाईही हसल्या, आणि फळ्याकडे वळून त्यांनी नदी काढायला घेतली. तेव्हा कुठे डॉक्टर दवाखान्यात परतले.

त्या दिवसापासून दात दुखो वा न दुखो, माझ्यावर बसणाऱ्या प्रत्येकाची जीभ आणि गाल डॉक्टर आतून बघू लागले. पोस्टमन चिडून म्हणाला होता, दाढ दाखवायला आलोय, जीभ नाही. त्याच्याच गालात डाग सापडला, अगदी सुरुवातीचा. छोट्या शस्त्रक्रियेवर भागले. बरा होऊन आला तेव्हा तो नुसताच माझ्यावर बसून राहिला, आणि डॉक्टरांनीही त्याला उठवले नाही.

मग डॉक्टर थकले. नव्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांच्याबरोबर विजेवर चालणारी नवी खुर्ची आली. मी अडगळीत गेले. गादी फाटली, उंदरांनी कापूस नेला. एक दिवस भंगारवाला मला उचलायलाही आला. तेवढ्यात डॉक्टर काठी टेकत आले आणि म्हणाले, "आमची ही हिच्यावर बसून पुन्हा बोलायला शिकली. ही भंगारात जायची नाही."

आता मी त्यांच्या घरी गॅलरीत आहे. डॉक्टरांना कमी दिसते, म्हणून ते माझ्यावर बसतात आणि बाई शेजारी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवतात. र अजूनही घसरतो. डॉक्टरांना एखादी बातमी आवडली की ते ऐकू न आल्याचे सोंग करून ती पुन्हा वाचायला लावतात.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. आज घरी गेलात की प्रत्येकाला विचारा, काही दुखतंय का? आणि "काही नाही" असे उत्तर आले, तर जवळ बसून आणखी एकदा विचारा.