घड्याळजीची माई

घड्याळजीची फोनवर तीन खाती होती. पहिलं दुकानाचं. त्यावर तो 'आपलं घड्याळ तयार आहे, सवडीने न्यावे' असं गोड गोड लिहायचा. प्रत्यक्षात गिऱ्हाईक समोर उभं राहिलं तरी डोळ्याचं भिंग न काढणारा माणूस. दुसरं स्वतःच्या नावाचं, तिकडे काळं कुत्रंही फिरकत नसे. आणि तिसरं माईंचं. 'निवृत्त शिक्षिका, झाडांची आवड', शेजारी कोरफडीच्या कुंडीचा फोटो. साठी उलटलेल्या, झुपकेदार मिशा राखणाऱ्या गृहस्थानं हा उद्योग केला तो लेकीसाठी.

लेकीनं बोलणं टाकलं त्याला तीन वर्षं झाली होती. बायको इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होती त्या दुपारी लेकीनं चार फोन केले. याच्यापुढे मनोऱ्याचं मोठं घड्याळ सुटं होऊन पडलं होतं. "एवढं चाक बसवतो आणि निघतो," असं तो चारही वेळा म्हणाला. खरं तर चाक केव्हाच बसलं होतं. बायकोला तसं पाहायची त्याची छाती होत नव्हती. पोहोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. छाती झाली नाही हे त्यानं लेकीला सांगितलं नाही, आणि आठवड्याभरात तिनं सगळीकडून त्याची वाट बंद केली.

पुढे एकदा पट्टा बदलायला आलेली भाची बोलून गेली, "मामा, ताई त्या झाडांच्या ग्रुपवर रोज लिहिते. बरी आहे ती. एवढ्यावर समाधान माना."

समाधान मानील तर तो बाप कसला! त्याच दुपारी, दुकानात चिटपाखरू नसताना, माई जन्माला आल्या.

आधी त्या नुसतं वाचायच्या. मग लेकीच्या गुलाबाला मावा लागला, त्यावर माईंनी उपाय लिहिला. उपाय लागू पडला आणि माईंचा भाव वधारला. ग्रुपमधल्या आणखी पाचपंचवीस बायाबापड्या त्यांना विचारल्याशिवाय कुंडी हलवेनाशा झाल्या. लेक तर झाडं सोडून सगळंच बोलायला लागली. माई ऐकून घेत. मधे तोंड घालत नसत, 'माझंच खरं' म्हणत नसत. घड्याळजीला स्वतःचंच नवल वाटायचं. एवढा समजूतदारपणा आयुष्यभर कुठे दडी मारून बसला होता? घरात होता तेव्हा पोरीचं एक वाक्य त्यानं पुरतं होऊ दिलं नव्हतं. दुसऱ्याचं नाव लावलं की माणसाला आपल्या नावाचा तोरा सांभाळावा लागत नाही, ही मोठीच सोय. गैरसोय एवढीच, की लेक जी माया करायची ती माईंवर. त्यातली चिमूटभरसुद्धा त्याच्या नावावर जमा होत नव्हती, आणि तो माईंवर जळायचा. स्वतःच्याच फोनवर डोळे वटारून बसलेला माणूस कुणी पाहिला असता तर वेडाच समजला असता.

एकदा तिनं लिहिलं, 'माई, आई गेली तेव्हा बाबा आले नाहीत. त्यांना चाकं प्यारी.'

घड्याळजीच्या हातातून चिमटा पडला. मी भ्यायलो होतो गं, एवढं तरी लिहावंसं वाटलं. पण माईंना ते कसं ठाऊक असणार? त्यांनी लिहिलं, 'काही माणसं भितात आणि कामात तोंड लपवतात. एकदा विचारून बघ.'

उत्तराला दोन दिवस लागले. 'असेलही. बाळ झालं की बोलावीन म्हणते त्यांना.'

तिला दिवस गेलेत हे बापाला कळलं ते असं. त्यानं दुकानाचं दार ओढून घेतलं आणि आत बसून पोटभर रडला. आता फक्त वाट पाहायची होती. माईंनी तोंड आवरायचं, लेकीचा फोन यायचा, आणि बापानं आश्चर्यचकित झाल्यासारखं 'हॅलो' म्हणायचं. त्या 'हॅलो'ची तो आरशासमोर तालीमही करायचा.

मुलगी झाली. नातीचा फोटो माईंना आला. लेकीनं लिहिलं, 'पुढच्या रविवारी बाबांना फोन करणार आहे. धीर होत नाहीये, पण करणार. ही मात्र डोळ्याला डोळा लावू देत नाही, माई. काय करू?'

आजोबाला राहवलं नाही. त्यानं झरझर लिहिलं, 'चावीचं जुनं घड्याळ घे, मोठ्या टिकटिकीचं. मागचं झाकण उघडून गजराचा हातोडा काढून ठेव, म्हणजे गजर मुका होईल. लोकरीच्या मोज्यात घालून उशापाशी ठेव. दहा मिनिटांत झोपते की नाही बघ.'

पाठवून झाल्यावर तो स्वतःवर खूश होऊन हसला, आणि हसता हसता त्याच्या पायाखालची जमीन सरकली. हातोडा काढायची युक्ती त्याचीच होती. लेक तान्ही असताना त्यानं तिच्यासाठी केलेली, आणि तिची आई पुढे ज्याला त्याला कौतुकानं सांगत असे. निवृत्त शिक्षिका घड्याळाचं झाकण कशाला उघडील? त्यानं निरोप पुसायला बोट पुढे नेलं, तर तो वाचला गेला होता.

रविवारी फोन आला नाही. सोमवारी माईंना एक ओळ आली, 'बाबा, मला पुन्हा लिहू नका.' आणि तीही वाट बंद झाली.

घड्याळजीपाशी आता दुकानाचं खातं उरलं, तेवढं बंद करायचं लेकीच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यावरून तो त्या ग्रुपवर डोकावला, तर लेकीनं सर्वांसाठी लिहिलं होतं, 'आपल्या माई गेल्या. आई गेल्यावर मला रडायला माई भेटल्या होत्या. आता माई गेल्या, तर कुणापाशी रडू?'

खाली रांग लागली होती. कुणाची जास्वंद माईंनी वाचवली होती, कुणाला नवऱ्याच्या आजारपणात त्यांनी धीर दिला होता. एकीनं लिहिलं होतं, आज घरात कुणी जेवलं नाही. घड्याळजीनं एकेक ओळ वाचली. एवढं बरं त्याच्याबद्दल जन्मात कुणी बोललं नव्हतं, आणि 'अहो, मी जिवंत आहे' म्हणायचीही सोय नव्हती.

शेवटी एका बाईनं विचारलं होतं, 'त्यांच्या घरी कोण आहे? पत्ता द्या, भेटून येऊ.'

खाली लेकीचं उत्तर होतं, 'कुणी नाही. मुलगी होती एक, तीही आता नाही.'