विरोधी सही

थोरलीने कार्ड सहाव्यांदा परत फेकलं, तेव्हा धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला.

शब्दकोशाच्या त्या कचेरीत वडिलांनी एकच नियम घालून दिला होता. एकाने शब्दाचं मूळ शोधलं, की दुसऱ्याने ते खोडून काढायला जंग जंग पछाडायचं. नाहीच खोडता आलं, तर मुकाट्याने खाली विरोधी सही करायची. त्या सहीशिवाय कार्ड छापखान्यात जात नसे. वडील गेल्यावर कचेरीत उरल्या या दोघी बहिणी, आणि दोघी एकमेकींना पाण्यात पाहत. झालं मग, नियमाचं सोनंच की हो!

शब्द होता 'बस'. एवढासा, दोन अक्षरी. धाकटीने त्याच्यापायी चार वर्षं डोळे फोडले होते. 'खाली बस' मधला संस्कृतातल्या 'उपविश्'वरून आलेला, 'बस झालं' मधला फारसी, आणि रस्त्यावरून धावणारी बस म्हणजे 'सगळ्यांसाठी' अशा अर्थाच्या एका लांबलचक लॅटिन शब्दाची तुटलेली शेपटी. तीन घरची तीन माणसं, नाव तेवढं एक. वडिलांच्या कार्डावर मात्र तिन्हींचं मूळ 'बसणे' असंच दिलेलं. थकला की माणूस बसतो म्हणून 'बस झालं', आणि गाडीत तर तो बसतोच! थोरली त्या कार्डाला कवटाळून होती. बाबा चुकले असं छापायचंय का तुला, हे तिचं पालुपद. चार वाजता छापखान्याचा माणूस येणार होता. सही नसेल तर जुनंच कार्ड जाणार, आणि पुढची आवृत्ती निघेपर्यंत धाकटी काही जगत नव्हती.

साडेतीनला थोरलीने वडिलांचं मूळ कार्ड कुलपातून काढून टेबलावर आपटलं. आजवर धाकटीने त्याची नक्कलच पाहिली होती. अक्षर वडिलांचं, सही वडिलांची. तारीख वाचून मात्र ती थबकली.

"तेव्हा बाबांचा हात हलत नव्हता," ती म्हणाली. "हे तू लिहिलंस."

गेलेल्या माणसाच्या कार्डाला कोण विरोध करणार? थोरलीने आपली चूक नेमकी तिथे नेऊन ठेवली होती. पण तिचा चेहरा काही उतरला नाही.

"हो, मी लिहिलं. शेवटचे आठ महिने त्यांना भरवलं, पुसलं, आणि कार्डंही लिहिली. तू कुठे होतीस तेव्हा?"

धाकटी दोन गल्ल्या पलीकडे होती. भांडून गेली होती, आणि एकदाही आली नव्हती.

दार वाजलं. थोरलीने धाकटीचं कार्ड पुढे ओढलं आणि सही ठोकली. वडिलांची, हुबेहूब, शेवटच्या फराट्यासकट. खाली तारीख टाकली त्याच आठ महिन्यांतली.

"दे आता," ती म्हणाली. "नाहीतर फाड."

धाकटीने दार उघडून कार्ड दिलं. छापखान्याचा माणूस जुना, वडिलांना ओळखणारा. सही आणि तारीख पाहून त्याला भरून आलं. शेवटच्या दिवसांत लेक अशी जवळ होती, बाबा भाग्याचे, असं तो म्हणाला.

धाकटी हो म्हणाली.